प्रमाणासाठी एक माणूस

५ फेब्रुवारी, बुधवार

इंग्रजांच्या जुन्या चॅपेलची गॅलरी उघडणार. तेवीस तारखेच्या रविवारी कार्यक्रम होईल आणि तिथल्या वर्गातली मुलं गॅलरीत बसून गातील, हे आज दुपारी दुर्गाताईंनी स्वतः फोन करून पक्कं सांगितलं. ट्रस्टच्या त्याच सर्वेसर्वा, त्यामुळे आता त्यात बदल नाही. म्हणाल्या, "देवदत्तजी, तुमचं सर्टिफिकेट हातात आहे, आता आम्हाला कोण अडवतंय!"

सर्टिफिकेट मी सोमवारी दिलं. "गॅलरी साठ व्यक्तींच्या वापरास सुरक्षित." या वहीत खरं लिहायला हरकत नाही. खाली उभा राहून बिडाचे खांब हातोडीने ठोकून पाहिले, सगळे खणखणीत वाजले. पुढच्या कठड्याला पातळी लावली, बुडबुडा मधोमध राहिला. वर चढून दोनदा जोरात पाय आपटले. फळ्या मात्र उघडल्या नाहीत. नुकतंच पॉलिश झालेलं, आरशासारखं चकाकत होतं, ते उखडा म्हणायला जीभ रेटली नाही. छत्तीस वर्षं बांधकाम खात्यात काढलेल्या माणसाला खांबाच्या आवाजावरून कळतं, असं मनाशी म्हटलं आणि सही केली.

आता मोजमापाचे नकाशे करायचे आहेत, कार्यक्रमाच्या आदल्या दिवसापर्यंत. हाताने काढायचे. माझ्यासोबत काम करणारी ईशा ते पलासियाच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर चढवेल.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

दिवसभर फीत आणि ओळंबा. ईशा फितीचं एक टोक धरते, आकडा ओरडून सांगते, मी तो परत म्हणतो आणि मगच लिहितो. या हॉलमध्ये ओरडायची गरज नाही, हे तासाभरात लक्षात आलं. कुजबुजलं तरी शेवटच्या बाकापर्यंत पोचतं.

इमारत मजेदार आहे. १८८७ साली इथल्या रेल्वेतल्या आणि व्यापारातल्या काही इंग्रजांनी बांधली. सरकारी चर्चमध्ये जायचं नाही, बिशप मानायचा नाही, अशा पंथाची माणसं. म्हणून देवळात किंवा चर्चमध्ये जे शोधायची डोळ्यांना सवय असते ते इथे काहीच नाही. गाभारा नाही, वेदी नाही, क्रूस नाही, रंगीत काच नाही. पांढऱ्या भिंती, उंच साध्या काचेच्या खिडक्या. समोरून दोन दारं, एक बायकांना, एक पुरुषांना. आणि जिथे वेदी असावी तिथे उपदेशकाचा उंच लाकडी चौथरा, त्याच्या डोक्यावर आवाज पुढे फेकणारी लाकडी छत्री. तीन बाजूंनी गॅलरी, खांबाखांबांमधले आठ खण: डावीकडे तीन, उजवीकडे तीन, मागे दोन. सगळी वास्तू एकाच कामासाठी आखलेली, बोलणारा एक आणि ऐकणारे सगळे.

इंग्रज गेल्यावर महूच्या फौजी घराण्यांतल्या मराठी मंडळींच्या ट्रस्टने ती घेतली. वाचनालय चालतं, संध्याकाळी मुलांचे वर्ग. दुर्गाताई म्हणतात, "मूर्ती हलवावी लागली नाही, काही पुसावं लागलं नाही. जशी होती तशी आमची झाली."

दुपारी चौथऱ्यावर चढून उंची घेतली. तिथून प्रत्येक बाक दिसतो. एकही माणूस खांबाआड जाणार नाही अशी आखणी आहे. बांधणाऱ्याने किती विचार केलाय, असं कौतुक वाटत असतानाच उलटंही जाणवलं. इथे उभ्या माणसाला प्रत्येक जागेवरून पाहता येतं. हॉल रिकामा होता. तरी मी शर्टाची वरची गुंडी लावली. का, ते सांगता येणार नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

आडवा छेद काढला, म्हणजे इमारत मधोमध कापली तर आत कशी दिसेल ते. बाजूच्या गॅलऱ्या दोन्हीकडे उलगडून मांडल्या, म्हणजे आठही खण दिसावेत. छान उतरला. खाली जमिनीवर प्रमाणासाठी एक माणूस काढला, साडेपाच फुटांचा, नेहमीसारखा. बघणाऱ्याला उंचीचा अंदाज यावा म्हणून नकाशात एक माणूस उभा करायची पद्धत आहे. आमच्या खात्यात त्याला 'ओव्हरसियर' म्हणत. काम काही नाही, नुसता उभा.

११ फेब्रुवारी, मंगळवार

नकाशात चार माणसं.

सकाळी गुंडाळी उघडली तेव्हा दिसली. एक माझा, खाली. तीन वर गॅलरीत, कठड्याशी. ईशाला हसून म्हटलं, वाड्याला भाडेकरू आणलेस वाटतं. ती म्हणाली, "सर, सच्ची सांगते, मी हात पण नाही लावला. मला पेन्सिल धरता येते का? सरळ रेघ मारायला मला माउस लागतो."

नीट पाहिलं. मी माणसाचं डोकं काढताना शेवटी पेन्सिल किंचित डावीकडे ओढतो, लहानपणची खोड. चौघांनाही ती ओढ आहे.

काल जेवणानंतर काढली असतील आणि विसरलो असेन.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

काल नकाशा घरी आणून टेबलाच्या खणात कुलूप लावून ठेवला होता. किल्ली माझ्या जानव्याला. आज बावीस माणसं. बहुतेक गॅलरीत.

शारदाला सांगणार नव्हतो, पण तिनेच विषय काढला. "अहो, काल दुपारी चार हाका मारल्या चहाला. टेबलाशी बसला होतात, हात चालू होता, वळून पाहिलं नाही."

"झोप लागली असेल."

"हात चालू ठेवून? कोणती झोप ती?" मग आवाज खाली आणून म्हणाली, "तुमच्या दादांचं असंच सुरू झालं होतं."

वडिलांचं मला आठवतं. शेवटी ते आमच्याच छत्रीबागेतल्या घराचा पत्ता आम्हालाच विचारायचे. शारदाने पलासियाच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे, चोवीस तारखेची. कार्यक्रमाच्या आत नको म्हणालो. गॅलरीला सही करणाऱ्याच्या डोक्याची तपासणी चालू आहे, हे ट्रस्टच्या कानावर गेलं तर त्या सहीची किंमत काय?

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आज माणसं मोजली नाहीत. एक गोष्ट मात्र दिसली ती लिहितो. गॅलरीचे सगळे खण भरत चालले आहेत, फक्त डावीकडचा मधला खण कोरा आहे. त्यात एकही माणूस नाही. दोन्ही बाजूला दाटी आणि मध्ये तेवढी पांढरी जागा, दात पडल्यासारखी.

कचरूदादांना विचारलं. चॅपेलची राखण करणारी त्यांची तिसरी पिढी. खाली उजव्या गॅलरीखाली झाडत होते.

"तो मधला खण? तिथे कोणी बसत नाही साब."

"का?"

"आदत. माझे आजा सांगायचे, अंग्रेजांच्या टाइमाला एकदा तो भाग खाली आला होता. भरल्या सभेत. मग दुरुस्त केला त्यांनी. पण लोकांचा भरोसा एकदा उठला तो उठला. पोरं पण आपोआप बाजूला बसतात, कोणी सांगत नाही त्यांना."

कोसळलेला खण, आणि मी फळी न उघडता सही केलेली. म्हणजे माझा हात मला तेच सांगत होता तर. विसरलो नव्हतो, मनाच्या आत खोल कुठेतरी शंका होती आणि ती पेन्सिलीतून बाहेर येत होती. डॉक्टरकडे न्यायचा हा आजार नव्हे, ही अनुभवी माणसाची सावधगिरी आहे. किती दिवसांनी हलकं वाटलं.

कचरूदादांच्या सुपलीत फिकट पिवळी भुकटी होती, रव्यासारखी. "हे कुठून?" म्हटलं.

"वरून पडते. रोज झाडतो नी रोज पडते."

"पॉलिशवाल्यांनी लाकूड घासलं त्याचा भुसा असेल, सांध्यात अडकलेला."

"त्यांना जाऊन महिना झाला साब."

सांध्यातला भुसा महिनोन्‌महिने गळतो. सांगितलं त्यांना.

१७ फेब्रुवारी, सोमवार

मधला खण उघडायचं ठरवलं. दुर्गाताईंना "रुटीन तपासणी" म्हणून सांगितलं. थोड्या कुरकुरल्या. "पॉलिशला ओरखडा नको हं. पाहुणे येणार आहेत." पण हो म्हणाल्या. बुधवारी सुतार.

ईशाने आज नकाशा भिंतीला लावला आणि बराच वेळ पट्टी घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "सर, खालचा तुमचा माणूस साडेपाच फूट आहे."

"असणारच."

"वरचे सगळे साडेतीन, चार, सव्वाचार. मी प्रत्येकाला पट्टी लावली. प्रमाण चुकलेलं नाही, सर. लहान मुलं आहेत ही."

मी म्हटलं, गॅलरीत जागा कमी, म्हणून आकृत्या लहान आल्या. हातच असा जातो.

"अठ्ठावन्न आहेत," ती म्हणाली. "दोनदा मोजले."

तिला चहाला पाठवलं. ती गेल्यावर एकटाच बसलो होतो. दुपारचे तीन, बाहेर रस्त्यावर ट्रॅफिकचा गोंगाट, आत उन्हाचे लांब चौकोन जमिनीवर. वर गॅलरीत कोणीतरी पाय हलवत असल्यासारखा आवाज येत होता. उंच बाकावर बसवलेल्या मुलाचे पाय जमिनीला पोचत नाहीत, मग ते टाच बाकाच्या फळीवर आपटत राहतं, तसा. टक, टक, टक. एकाचा नाही, बऱ्याच जणांचा, आणि तालात नाही. मी हाक मारली, "कोण आहे वर?" तेव्हा थांबला. शाळेत मास्तर आत आल्यावर थांबतो तसा, एकदम.

वर जाऊन पाहिलं. कोणी नव्हतं. लाकूड उन्हाने प्रसरण पावतं, त्याचा आवाज होतो. खणाखणाने वेगळा होतो, म्हणून तालात नसतो.

१९ फेब्रुवारी, बुधवार

मधला खण ठणठणीत!

नंदू सुतार सकाळी दहाला आला. चार फळ्या उचलल्या. मी गुडघ्यावर बसून टॉर्च मारली. खाली सागवानाची अखंड तुळई, गडद, घट्ट, भिंतीतल्या टोकाला लोखंडी बूट बसवलेला. टोचा मारून पाहिला, पाव सूतही आत गेला नाही. नंदू म्हणाला, "साब, हे तर आपल्या दोघांपेक्षा जास्त टिकणार." इंग्रजांनी दुरुस्ती करताना जुनी तुळई काढून नवी घातली होती, चोख काम.

छातीवरून दगड उतरल्यासारखं झालं. ज्या जागेची भीती तीच सगळ्यात मजबूत निघाली. माझी सही बरोबर होती.

ईशा वाकून पलीकडच्या खणाच्या दिशेने टॉर्च मारत होती. "सर, इथलं लाकूड वेगळं दिसतंय. फिकट आहे."

"मूळचं असेल. विलायती पाइन. जहाजातून आणायचे त्या काळी."

"मग तेही उघडून बघू ना. नंदूभिया आहेतच."

"एक खण उघडायची परवानगी आहे, ईशा. आणि पडलेला खण होता तोच. तोच नीट आहे म्हटल्यावर जे कधी पडलेच नाहीत त्यांचं काय बघायचं?"

फळ्या परत ठोकल्या. खालून कचरूदादा ओरडले, की ठोकाठोकीने उजवीकडे बरीच भुकटी पडली, आता परत झाडू मारावा लागणार. गॅलरीतल्या उजव्या बाजूच्या दोन बाकांना कडेला असलेली छोटी दारं आजपासून लागत नाहीत, चौकटीला घासतात. पॉलिशचा थर जाड झालाय.

२० फेब्रुवारी, गुरुवार

मुलांची संख्या वाढली. आधी चाळीस होती. देपालपूरच्या वर्गातली अठरा येणार, असं दुर्गाताईंनी आज हॉलमध्ये येऊन सांगितलं. "साठाची परवानगी आहे ना, देवदत्तजी? आम्ही अठ्ठावन्नच आहोत. दोन कमीच!"

ईशाने माझ्याकडे पाहिलं. मी फीत गुंडाळत राहिलो.

दुर्गाताईंनी जागा वाटून दिल्या. मुलं सात खणांत, दाटीवाटीने. डावीकडचा मधला सोडून. मी म्हटलं, तो तर सगळ्यात भक्कम आहे, मी स्वतः पाहिलाय, तिथे बसवा की. त्या हसल्या. "तुम्ही पाहिलाय हो, पण आयांना कोण समजावणार? तिथे बसवलं म्हणून दोघी तिघी पोरं घेऊन घरी जातील. राहू दे रिकामा."

त्या गेल्यावर ईशा म्हणाली, "सर, तुम्हाला भीती नाही वाटत?"

"कशाची? आकडे जुळतात कधीकधी. छत्तीस वर्षांत किती जुळलेले पाहिलेत."

खरं लिहायचं तर वाटली. पण मी काय सांगू दुर्गाताईंना? नकाशात मी काढलेली आणि मला न आठवणारी मुलं बसली आहेत, म्हणून कार्यक्रम खाली घ्या? त्याच क्षणी सगळं कळेल लोकांना, गॅलरीबद्दल नव्हे, माझ्याबद्दल.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

आज खालची माणसंही आली आहेत. रात्रीतून की सकाळी, माहीत नाही. मोठी माणसं, पाच साडेपाच फुटांची, शंभरेक असतील. गंमत अशी, की बाक सगळीकडे आहेत, पण गॅलरीखालच्या बाकांवर एकही जण नाही. सगळे वर गॅलरी नाही त्या मधल्या भागात, एकमेकांना चिकटून उभे. आणि सगळ्यांची तोंडं वर. मी माणसांना चेहरे काढत नाही, नुसता गोल काढतो, तरी ते वर बघतायत हे कळतं. मानेची रेघ तशी आहे.

बहुधा दृष्टिरेषा तपासायच्या म्हणून काढले असतील मी. खालून गॅलरी कुठून दिसते, ते.

खोडरबर घेऊन बसलो. तासभर लागला. सगळी पुसली, एकच ठेवला, खाली, प्रमाणासाठी. कागद थोडा मळला पण नकाशा स्वच्छ झाला. शारदा दारात येऊन उभी होती. "काय पुसताय?" म्हटलं, "चुका." ती जवळ आली, माझ्या मनगटावर हात ठेवला, आणि बराच वेळ तसाच ठेवला. म्हणाली, "सोमवारी डॉक्टरकडे मी पण येणार. एकटे जायचं नाही."

पलासियाला जाऊन ईशाला नकाशा दिला. तिने उलगडून पाहिला, बोटाने पुसलेल्या जागा चाचपल्या. पेन्सिलीचे वळ कागदात राहतात. म्हणाली, "सर, नकाशावर माझं नाव घालू नका."

मला राग आला. "का? काम तुझंही आहे."

"उरलेले सात खण आपण बघितले नाहीत म्हणून. एक बघितला, आणि तो बदललेला होता. बाकीचे कधी बदलले नाहीत. मग ते कसे असतील, हे त्या एकावरून कसं कळणार, सर?"

वीस मिनिटं वाद झाला. शेवटी म्हटलं, तुझं समाधान होत असेल तर रविवारी कार्यक्रमाच्या आधी एक फळी उचलून बघ, उजवीकडची. ती लगेच फोनला लागली.

२२ फेब्रुवारी, शनिवार

नकाशे दुपारी ट्रस्टला दिले. दुर्गाताईंनी पहिला छेद समोरच्या दाराशी फ्रेम करून लावलाही. दिसतो सुंदर. खाली एकटा ओव्हरसियर उभा.

ईशाचा संध्याकाळी फोन आला. नंदूला उद्या सकाळी दुसरीकडे काम आहे, साडेनऊला मोकळा होतो. ती त्याला घेऊन थेट येईल. कार्यक्रम अकराला, म्हणजे दीड तास मिळतो, फळी उघडायला आणि बंद करायला पुष्कळ. तिने विचारलं, "काही खराब निघालं तर तुम्ही बोलाल ना, दुर्गाताईंशी?" मी म्हटलं, "निघणार नाही. पण निघालं तर बोलेन." हे मी मनापासून म्हटलं. तिचा आवाज जरा सैल झाला.

आत्ता साडेसातला दुर्गाताईंचा फोन. वेळेत थोडा बदल. देपालपूरची बस लवकर पोचते आहे आणि त्या मुलांनी गॅलरीतून कधी गायलेलं नाही, म्हणून सगळ्यांचा एकत्र सराव सकाळी नऊला ठेवलाय. अठ्ठावन्न जण वर, आपापल्या जागी, उभं राहून ताल धरायचा आहे. पायाने ठेका द्यायचा आहे, ते गाणंच तसं आहे. "तुम्हीही नऊला या, देवदत्तजी. चौथऱ्याजवळ उभे राहा. तिथून सगळी मुलं दिसतात."

येतो म्हटलं. ईशाला पुन्हा फोन करावा का, असा विचार आला. पण सुतार साडेनऊशिवाय मोकळा होत नाही, उगीच पोरीला धावपळ. शिवाय शारदाने पान वाढलंय.

उद्या सकाळी नऊला मुलं वर जातील. ईशा साडेनऊला येईल.